टूहींच्या घरचा सहा नंबर

मालाकी टूहीला किलतारा गावात कुणी वाईट म्हणत नसे. दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, वेळेला पक्का, रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर, आणि कुणाची गाय चरात अडकली तर दोर घेऊन सगळ्यांआधी हजर. फक्त त्याच्यासमोर दुसऱ्याचं कौतुक करायची सोय नव्हती. अमक्याचं गवत यंदा छान वाळलं म्हणावं, तर मालाकी म्हणणार, "वाळेल नाही तर काय, उंचावरचं वावर आहे." तमक्याचा मुलगा डॉक्टर झाला म्हणावं, तर "बापानं काय कमी ओतलं होतं!" एकदा नोरीननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शेजारणीच्या ब्रेडची तारीफ केली. मालाकीनं त्या ब्रेडला हात लावला नाही. पुढे तो शिळा झाल्यावर कुत्र्याला घालताना गुपचूप एक तुकडा तोंडात टाकला. चांगला होता, म्हणून आणखीच चिडला.

ही जळण्याची खोड त्याला कुठून लागली, ते सगळ्या गावाला माहीत होतं. डिंपनामुळे लागली. डिंपना त्याची धाकटी बहीण.

दोघांचा बाप मिक टूही म्हणजे गावचा देव. किलतारानं आख्ख्या इतिहासात एकदाच हर्लिंगमधला गॉलवे जिल्ह्याचा कप आणला, आणि त्या संघात सहा नंबरच्या शर्टात बचावाच्या मधोमध मिक उभा होता. त्या दिवसापासून सहा नंबर टूहींच्या घरचा, असं गावानं धरूनच टाकलं. पोरं लहान असताना गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारायची. मालाकीकडे नवी कोरी हर्ली, म्हणजे हर्लिंगची चपट्या पात्याची लाकडी काठी, आणि डिंपनाकडे त्याचीच जुनी, फुटलेली, पत्र्याची पट्टी ठोकून सांधलेली. मिक ओट्यावर बसून पाइप ओढायचा आणि पाहायचा. एका संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "देवानं मनगटं दिली खरी, पण चुकीच्या पोराला दिली." हळू आवाजात म्हणाला असता तर मालाकीचं आयुष्य वेगळं गेलं असतं. पण मिकला हळू बोलता येत नव्हतं.

तेव्हापासून मालाकीला जगात एकच गोष्ट हवी होती. म्हाताऱ्यानं एकदा, फक्त एकदा, म्हणावं की मालाकीला हर्लिंग कळतं. त्यासाठी तो सहा नंबरच्या शर्टात हाडं मोडेपर्यंत खेळला. खेळणं संपल्यावर संघ निवडणाऱ्यांत गेला. मग त्याच्या मुलानं, कोल्मनं, तो शर्ट घातला. प्रत्येक सामन्यानंतर मालाकी घरी येऊन म्हाताऱ्यासमोर बसायचा आणि वाट पाहायचा. मिक म्हणायचा, "चहा टाकलाय का कुणी?" डिंपना मात्र जिल्ह्याच्या मुलींच्या संघातून खेळली, आणि तिची पदकं म्हाताऱ्यानं स्वयंपाकघरातल्या फळीवर चांगल्या बश्यांच्या मध्ये मांडून ठेवली. मालाकी रोज सकाळी ब्रेडला लोणी लावताना त्या पदकांकडे पाठ करून बसायचा.

किलताराचा संघ का हरतो, याची गावात पुष्कळ कारणं सांगितली जात. रेफ्री विकला गेला होता, वारा उलटा होता, पोरं डब्लिनला गेली. खरं कारण पॅकी फॉर्डेच्या पबच्या मागच्या खोलीत बसायचं. गाव नदीनं चिरलेलं. पुलाच्या वरचे आणि पुलाच्या खालचे. वरच्यांच्या वतीनं मालाकी निवडणार, खालच्यांच्या वतीनं पॅकी. पॅकीचा पब होता आणि त्याच दाराआड अंत्यविधीचा धंदाही. काउंटरवर बिअर, मागच्या अंगणात शवपेट्या. दोघं बसायचे आणि वाटणी करायचे. सात तुमचे, सात आमचे. अमक्याच्या आजोबांनी मैदानाला जागा दिली, म्हणून त्याचा नातू कोपऱ्यात. तमक्याला काढलं तर त्याची आई पॅकीकडे पुढची मयत देणार नाही, म्हणून तो पुढे. चौदा झाले की पंधरावा उरायचा गोलमध्ये. गोल ही जागाच नव्हती, ती उरलेली खुर्ची होती. तिथे कुणीतरी ना वरचा ना खालचा उभा करायचे. बँकेतला नवा कारकून, फादरचा भाचा, एकदा तर बदलीवर आलेला पोलीस, ज्यानं हर्ली आधी फक्त चोराच्या हातात पाहिली होती.

आणि सराव? मैदानाभोवती पळवायचं. ओकेपर्यंत. मालाकी कडेला उभा राहून ओरडायचा, "अजून एक फेरी! ड्रमीनवाले काय झोपलेत का?" ड्रमीनवाले शेजारच्या गावचे. ते झोपलेले नव्हते. ते चेंडू मारायचा सराव करत होते, आणि दर उन्हाळ्यात किलताराला गवत कापायच्या आधीच स्पर्धेतून बाहेर काढत होते.

त्या वर्षी जानेवारीत क्लबची वार्षिक सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. डिंपना बरीच वर्षं डब्लिनला शिकवून नुकतीच परत आली होती. तालुक्याच्या शाळेत खेळाची शिक्षिका, पुलापाशी भाड्याचं घर. ती मागच्या रांगेत कोट न काढता बसली होती. सभेत नेहमीचे सुस्कारे टाकून झाले. मग ती उठली.

"पोरं वाईट नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना पळायला शिकवलंय आणि चेंडू आला की घाबरायला. आणि संघ निवडताय की वारसा वाटताय, तेच कळत नाही."

मालाकीचे कान तापले. सगळे आपल्याकडे पाहताहेत असं त्याला वाटलं, आणि खरोखरच पाहत होते. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "मग डिंपनालाच करा ना ट्रेनर. पुढच्या वर्षी शर्टांना लेस लावू."

लोक हसले. पण अध्यक्षाच्या खुर्चीवर फादर होते आणि फादरना नाव कागदावर उतरवून सभा संपवायची घाई होती. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सूचक, मालाकी टूही. अनुमोदक?"

"फादर, मी थट्टेनं..."

"अनुमोदन!" मागून कुणी पुलाखालचा ओरडला. मालाकीची फजिती पाहायला मिळतेय म्हटल्यावर पुलाखालचे असे सोडतात काय! बघता बघता निम्म्या हॉलचे हात वर गेले. जी जागा आपल्या हातात राहावी म्हणून मालाकी वर्षानुवर्षं घासला, ती त्यानं स्वतःच्या तोंडानं बहिणीच्या ओटीत टाकली. नियम असा की सूचना मांडली तर ती मागे घेता येते, पण मागे घ्यायला उभं राहावं लागतं. आणि उभा राहिला असता तर सगळ्यांना कळलं असतं की मालाकी बहिणीला घाबरला. तो बसून राहिला.

घरी नोरीननं कोबी आणि बेकन वाढता वाढता विचारलं, "काय म्हणे, तूच नाव सुचवलंस? बरं केलंस हो. एवढं मोठं मन असेल असं वाटलं नव्हतं मला."

"तू जेव," मालाकी म्हणाला.

कोपऱ्यातून म्हातारा मिक म्हणाला, "डिंपना? आता काहीतरी बघायला मिळेल." आणि त्यानं त्या रात्री आपणहून दुसरा बटाटा मागून घेतला.

सराव सुरू झाला. मालाकी अजून निवड समितीत होता, पण मैदानात त्याला काम उरलं नव्हतं. तो टँकर फाटकाबाहेर उभा करायचा, इंजिन चालू ठेवून. दूध घेऊन निघायची घाई आहे असं दाखवायचं आणि काचेतून पाहायचं. डिंपनानं फेऱ्या बंद केल्या होत्या. चार खुणा रोवून छोटे छोटे चौकोन केले होते, प्रत्येकात पाच-सहा पोरं आणि एक चेंडू, आणि चेंडू जमिनीला टेकला की सगळी उठाबशा काढणार. पोरं हसत होती. हेच मालाकीला सहन झालं नाही. त्याच्या सरावाला पोरं कधी हसली नव्हती. तो मनात म्हणाला, हा काय वाढदिवस आहे?

घरात तर कहरच. कोल्म जेवायला बसला की सुरू.

"डिंपना म्हणते चेंडू हातात आल्यावर नाही, यायच्या आधी मान वर करायची."

"मीठ दे."

"डिंपना म्हणते मी डाव्या बाजूनं मारताना जास्त सरळ मारतो."

"मी काय वेगळं सांगत होतो?"

"तू सांगत होतास पळ."

नोरीन हसू दाबत भांडी उचलायला गेली. पोरगा त्याचा, रक्त त्याचं, बूट त्याच्या पैशाचे, आणि जिभेवर नाव तिचं. रात्री पाठीवर पडून तो तिच्यात खोट शोधायचा. लग्न केलं नाही. गाडी वेडीवाकडी चालवते. चर्चमध्ये उशिरा येते. पण सगळं जमवूनही त्या पदकांतल्या एकाएवढंही वजन भरत नव्हतं.

मग निवडीची पहिली बैठक झाली. तीच मागची खोली, पण आता तीन खुर्च्या. पॅकीनं सवयीनं सुरुवात केली, "तर वरचे सात..."

"थांब," डिंपना म्हणाली. "मी पोरांना एकेकट्याला एकच प्रश्न विचारला. सरावाच्या सामन्यात तुझ्यासमोर कोण उभा राहिला तर तुझा दिवस वाया जाईल? जवळजवळ सगळ्यांनी एकाच पोराचं नाव घेतलं."

"कोल्म," मालाकी म्हणाला.

"फियाक्रा लॅली."

पॅकीनं ग्लास खाली ठेवला. लॅलींचं घर पुलाच्या अगदी तोंडाशी, ना वर ना खाली. त्या घरातून आजवर कुणी खेळलं नव्हतं, कारण लॅलींना कुणी आपल्या सातांत धरतच नव्हतं, आणि गोलची खुर्ची जायची बाहेरून आलेल्यांना. पोरगा कायम बदली खेळाडूंच्या बाकावर, इतरांचे कोट सांभाळत.

"त्याला सहा नंबरला खेळवायचंय," डिंपना म्हणाली.

"आणि माझा मुलगा?" मालाकी म्हणाला.

"तुझा मुलगा उंच चेंडूखाली कच्चा आहे, मालाकी. तुला माहीत आहे. पण त्याच्याइतका लांब आणि नेमका फटका अख्ख्या गावात कुणाचा नाही, आणि त्याला पूर्ण मैदान दिसतं. आपला गोलकीपर दर वेळी डोळे मिटून मधे मारतो आणि चेंडू ड्रमीनला देऊन टाकतो. कोल्म गोलमध्ये हवा."

गोलमध्ये! पोलिसाच्या जागी. मिक टूहीचा नातू, उरलेल्या खुर्चीत. मालाकी उठणार, टेबल उलथणार, तोच पॅकीनं टेबलाखालून त्याच्या नडगीवर हळूच बूट मारला. डिंपना बाहेर चहा आणायला गेली तसा पॅकी कुजबुजला, "अरे बाबा, करू दे. पोराला गोलमध्ये घालून हरली की तुझ्याच वरच्या बाजूचे लोक तिला फाडून खातील. खड्डा तीच खणतेय. मी फक्त मयताची गाडी आणतो."

मालाकीनं विचार केला. आणि बऱ्याच महिन्यांनी त्याला पहिल्यांदा मोकळा श्वास आला. मुलाची फजिती होणार हे त्याच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं, आणि बाजूला सरकलं. डिंपना चहा घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे. तू ट्रेनर, तू सांगशील ते." तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो अंगणात टँकर धूत होता. कोल्म आला आणि चाकाजवळ उभा राहिला. त्याला शर्टाचं कळलं होतं. आता आकाशपाताळ एक होणार, या तयारीनं मालाकीनं पाण्याचा पाइप बंद केला. सगळं तिच्या अंगावर ढकलायचे शब्दही त्यानं जुळवून ठेवले होते.

"डॅड," कोल्म म्हणाला, "डिंपना म्हणाली, गोलचं तू सुचवलंस."

मालाकीनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"म्हणाली, तुला कित्येक वर्षं दिसतंय माझा फटका. पण सहा नंबर घरचा, म्हणून तुझ्या तोंडून निघत नव्हतं." पोरगा बुटानं खडी उकरत होता. "मला आधी राग आला. तिनं सुचवलं असतं ना, तर मी हर्ली फेकूनच दिली असती. पण तूच म्हणालास म्हणजे... तू माझा खेळ बघत होतास एवढा?"

एका वाक्याचं काम होतं. मी नाही म्हणालो रे, तिचं खूळ आहे. पोरगा त्याच पावली हर्ली फेकायला गेला असता आणि डिंपनाचा सगळा डाव मातीत गेला असता. मालाकीच्या ओठांवर ते वाक्य आलंही होतं. पण मग पोराला हेही कळलं असतं, की त्याच्यात काय आहे ते बापाला नाही, आत्याला दिसलं. पुन्हा तिलाच दिसलं. हे मालाकीला हरण्यापेक्षा कडू वाटलं.

"बघत होतो म्हणजे काय," तो म्हणाला. "बापच आहे मी तुझा."

कोल्म हसला आणि त्यानं बादली उचलून टँकरचं मागचं चाक धुवायला घेतलं. असं तो लहानपणानंतर कधी करत नव्हता. मालाकी पुढचं चाक धूत राहिला आणि बहिणीला मनातल्या मनात शिव्या देत राहिला. चोरी त्यानं केली होती, पण दार तिनं उघडं ठेवलं होतं, आणि तेही मुद्दाम.

पहिला सामना किलतारानं जिंकला. अगदी थोडक्यात. गावातल्या सगळ्या लोकांनी टोप्या उडवल्या. आपला संघ जिंकल्यावर चेहरा पडलेला माणूस साऱ्या मैदानात एकच होता, आणि त्याच्या जवळ उभा राहून पॅकी कुजबुजला, "गाडी परत ठेवू का?" दुसराही सामना जिंकला. मग तिसरा. पुलाच्या वरचे लोक मालाकीचा हात धरून हलवायला लागले. "काय डोकं चालवलंस रे! स्वतःच्या पोराला गोलमध्ये! छातीच पाहिजे." प्रत्येक हाताबरोबर मालाकी म्हणायचा, "संघासाठी करावं लागतं." म्हणता म्हणता त्याला निम्मं खरंही वाटायला लागलं. फक्त डिंपना समोर आली की तो दुसरीकडे बघायचा. आता ती नुसती चांगली नव्हती. आता तो तिच्या कर्जात होता, आणि कर्ज देणाऱ्याकडे माणूस ज्या नजरेनं बघतो त्याच नजरेनं तो तिला पाण्यात पाहत होता.

अंतिम सामना ड्रमीनशीच. म्हातारा मिक हट्टानं आला. मांडीवर घोंगडी घेऊन त्याला कडेच्या खुर्चीत बसवलं. वारा आडवा होता आणि ड्रमीनचे बाप्ये बैलांसारखे होते. फियाक्रा लॅली त्यांच्यामध्ये काडीसारखा दिसत होता, पण काडी मोडत नव्हती. उंच चेंडू आला की तो कुठून तरी उगवायचा आणि खांद्यावरून काढून न्यायचा. आणि कोल्मचे फटके! एक उजवीकडे रिकाम्या कोपऱ्यात, पुढचा आखूड, अगदी हातात दिल्यासारखा, मग एकदम वाऱ्यावर टाकलेला लांब. ड्रमीनवाल्यांना कुठे उभं राहावं तेच कळेना.

तरी शेवटच्या मिनिटांत किलतारा एका पॉइंटनं मागे होता. ड्रमीनचा फटका गोलच्या खांबांबाहेरून गेला. कोल्मनं नवा चेंडू उचलला. कडेला मालाकी आणि डिंपना शेजारी शेजारी उभे होते. इतक्या वर्षांचं सगळं हर्लिंग मालाकीच्या घशातून बाहेर पडलं.

"लांब मार! मधे! लांब!"

कोल्मनं मान वर केली. लांब मारलं नाही. ड्रमीनवाले अजून वळत होते, आणि त्यानं चेंडू खाली, तिरका, डाव्या कडेला दिला. तिथे फियाक्रा एकटा होता. तो चेंडू हर्लीच्या पात्यावर तोलत पळत सुटला, आणि त्याच्यापुढचं मैदान रिकामं होतं. जाळं हललं, म्हणजे गोल, एकदम तीन पॉइंट, ते मालाकीनं पाहिलं. शिट्टी वाजली ती त्याला ऐकूच आली नाही, इतकी माणसं कुंपणावरून आत सांडली होती.

त्याला एवढंच कळत होतं, की पोरानं ऐकलं असतं तर सामना गेला असता. आणि तो काय ओरडला होता हे सगळ्या जगात फक्त शेजारी उभ्या असलेल्या बाईनं ऐकलं होतं. डिंपना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चल, डॅडी कुठे चिरडले जायला नकोत." तो हात झटकावासा वाटला त्याला. झटकला नाही.

म्हाताऱ्याभोवती लोकांचा गराडा होता. कोणी त्याच्या घोंगडीवर कप आणून ठेवला होता, कोल्म घामानं निथळत खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला होता. मिकनं डोळे बारीक करून गर्दीत शोधलं. मालाकीला वाटलं, तिला शोधतोय. तो बाजूला झाला, म्हणजे ती पुढे जाऊ शकेल. पण म्हाताऱ्यानं काठी उचलली आणि ती सरळ त्याच्याकडे रोखली.

"मालाकी. इकडे ये."

तो गेला. मिकनं मुलाचं मनगट पकडलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, म्हणाला, "कोल्मनं सांगितलं मला. गोलचं तुझं डोकं म्हणे. मी सहा नंबर अडवून बसलो आयुष्यभर, मला नसतं सुचलं. तुला हर्लिंग कळतं रे पोरा. माझ्यापेक्षा चांगलं कळतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेच शब्द होते, जवळजवळ हुबेहूब. कित्येक वर्षं टँकर चालवताना मालाकीनं ते मनातल्या मनात म्हाताऱ्याच्या तोंडून वदवून घेतले होते, प्रत्येक वळणावर, प्रत्येक गोठ्यासमोर. ते ऐकल्यावर आपण काय म्हणू, तेही ठरवून ठेवलं होतं. आता त्यातलं काही आठवेना. त्यानं डिंपनाकडे पाहिलं. खरं सांगून टाकायला अजून वेळ होती. ती म्हाताऱ्याच्या खुर्चीमागे उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ती वाकून त्याच्या पायांवरची सरकलेली घोंगडी नीट करत होती. तोंडावर ना उपकार, ना टोमणा, ना वाट पाहणं. तिच्याकडचं इतकं मोठं काहीतरी निघून गेलं होतं, आणि तिला ते गेल्यासारखं वाटतच नव्हतं.

"थँक्स, डॅडी," मालाकी म्हणाला.

लोक त्याला खांद्यावर घ्यायला पुढे आले. पाय जमिनीवरून सुटता सुटता त्यानं मान वळवून पुन्हा एकदा तिच्याकडे बघितलं. मनगट तिला मिळालं होतं, नजर मिळाली होती, ते त्यानं कसंबसं गिळलं होतं. पण आपलं असं देऊन टाकायचं आणि रिकामं व्हायचं नाही, हेही तिलाच मिळालं होतं, आणि याच गोष्टीचा त्याला आजवरच्या सगळ्यापेक्षा जास्त हेवा वाटला.